बाकावरचे चौघे

टप्. न्हाणीघरातल्या बादलीत नळाचा थेंब पडला आणि दुपारची शांतता दचकली. तिने कान दिला. आतल्या खोलीत आजीच्या कुशीत झोपलेली लेक जागी झाली नव्हती. बादलीत लेकीचा निळा पोहायचा पोशाख भिजत होता. सात वर्षांची पोर. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी तिचं नाव मासोळी ठेवलं, ते घरातही रुळलं.

पोर झोपेल तेवढाच वेळ कामाचा. काम म्हणजे संगणकावर जुनी चित्रं डाग काढून नवी करायची. छापखान्याच्या मालकांना एका बंद पडलेल्या विनोदी मासिकातली व्यंगचित्रं कॅलेंडरवर छापायची होती, आणि हे शेवटचं चित्र चारच्या आत जायला हवं होतं.

चित्रात समुद्रकाठ. पोहायला निघालेली आजी घोट्यापर्यंत झाकलेली, आई गुडघ्यापर्यंत, नात रुमालाएवढ्या कापडात. खाली आजीचं वाक्य : ‘अगं, माझ्या एका पोशाखात तुझा अख्खा वर्ग पोहला असता!’ मागे बाकावर चार म्हातारे. एकाचे डोळे स्प्रिंगसारखे बाहेर आलेले, दुसऱ्याची कवळी वाळूत, तिसरा बाकावरून घसरलेला, चौथ्याच्या तोंडातून लाळ.

सकाळी सासूबाई चित्र बघून पोटभर हसल्या होत्या. त्यांच्या वडिलांना म्हणे हे पान वाचून दाखवताना ठसका लागायचा. तीही हसली होती. पण हसू लांबून बघणाऱ्याला येतं. तिला चित्र आठपट मोठं करून बघावं लागत होतं. लाळेचे थेंब तीन. त्यांच्याभोवती साठ वर्षांचा पिवळेपणा साचलेला. एकेका थेंबाची कड तिने पुसून लख्ख केली. आपण परक्या माणसाची हनुवटी पुसतोय असं तिला वाटलं.

फोन थरथरला. मालक होते.

“ताई, घराघरात लागणारं कॅलेंडर आहे, लेकीबाळी बघणार. त्या पोरीला जरा गुडघ्यापर्यंत झाका.”

“आणि म्हातारे, सर?”

“त्यांना कशाला हात लावता? गंमत तर तिथेच आहे. थेंब तेवढे ठळक करा.”

तिने पोरीच्या मांडीवर रंग चढवायला घेतला. चित्रकाराने गुडघा एकाच रेषेत काढला होता, धावायच्या बेतात असलेला. पोरीचं लक्ष बाकाकडे नव्हतंच. ती पाण्याकडे बघत होती.

मासोळीच्या पोहायच्या तलावाकाठीही असाच बाक होता. नातवाला घेऊन येणारे एक आजोबा त्यावर बसायचे. गेल्या आठवड्यात मासोळी पाण्यातून वर आली तेव्हा तोंडातली खोकल्याची गोळी या गालातून त्या गालात ढकलत ते म्हणाले होते, “वाढतेय हो पोरगी. पाय बघा कसे लांबलेत.” आणि मग नुसतेच बघत राहिले. तिने मासोळीला टॉवेलात गुंडाळलं, आणि “हो ना, आजोबा,” म्हणून हसली. चक्क हसली. आजोबांची किळस एकवार धुऊन निघाली असती. ते हसू काही केल्या निघत नव्हतं.

घरी येताना दुकानात शिरून तिने घोट्यापर्यंतचा, लांब बाह्यांचा पोशाख घेतला. सासूबाईंनी हातात घेऊन बघितला, आधीच झाकलेलं बरं म्हणाल्या. त्यात पाय मारता येतील का, हे दोघींपैकी कुणी विचारलं नाही. पिशवी अजून कपाटावरच होती. उद्या पोहायचा दिवस. आज पोर उठली की तिला सांगायचं होतं.

पडद्यावर नातीचा पोशाख गुडघ्यापर्यंत आला. म्हातारे तसेच. तिने तो घोट्यापर्यंत नेला. मग, कुणी सांगितलं नसताना, मनगटापर्यंत बाह्या काढल्या, केसांवर टोपी चढवली. आता नात आजीसारखीच दिसायला लागली. बाकावर मात्र कशात काही फरक नव्हता. डोळे बाहेर, कवळी वाळूत, तीन थेंब पहिल्यापेक्षा लख्ख.

मागून उशीच्या वळ्या उमटलेला गरम गाल तिच्या गालाला टेकला. मासोळी कधी उठून आली ते कळलंच नव्हतं.

“ही पोहायला चाललीये?”

“हो.”

“इतकं सगळं घालून? बुडेल ना ती.”

तिने लेकीला मांडीवर ओढलं, विस्कटलेले केस कानामागे सारले. तलावाच्या पाण्याचा वास अजून गेला नव्हता. मासोळीने पडद्याला नाक लावून चित्र नीट बघितलं. मग तिचं बोट बाकावर सरकलं, एकेका म्हाताऱ्यावरून जात चौथ्याच्या हनुवटीशी थांबलं.

“आई, आता तर तिचं काहीच दिसत नाहीये. मग हे अजून काय बघतायत?”