औषधाच्या खोक्यातलं पिल्लू

“कोंबडा हाय का तलंग, एवढंच सांगा,” बसम्मा म्हणाली आणि तिनं औषधाचं खोकं रतनबाईच्या ओट्यावर ठेवलं.

खोक्याला वरून भोकं पाडलेली होती. आत चार दिवसांचं एकच पिल्लू.

धारूरच्या किल्ल्याखालच्या त्या वस्तीवर पिल्लं घेऊन अख्ख्या डोंगरपट्ट्यातून माणसं यायची. रतनबाई पिल्लाचा पंख उलगडून उजेडाकडे धरायची, मानगुटीला धरून उचलून पाय कसे लोंबतात ते बघायची आणि सांगून टाकायची. तिनं कोंबडा म्हटलं तर तो आरवायचाच. तलंग म्हटलं तर ती अंड्यावर यायचीच. चाळीस वर्षांत एक पिल्लू चुकलं नव्हतं. एकदा म्हणे तिनं नुसतं अंडं कानाला लावून सांगितलं होतं. पण ते सांगणारा शेजारचा हरिबा, आणि हरिबाचं निम्मं सोडूनच द्यावं लागतं.

पण लोक आणायचे पाटी भरून. एकच पिल्लू, तेही मोटारीतून, आणि तेही परळीच्या किराणा दुकानदाराच्या आईनं? बसम्माच्या गळ्यात लिंग होतं. त्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी गेलं नसेल.

“तुमाला कशाला ओ कोंबडा, अक्का?”

“सालगड्याचा नवस हाय. त्याला कोंबडाच लागतोय.”

“मग सालगडी न्हाई आला?”

“त्याला येळ न्हाई.”

सून स्वप्नाली मागं उभी होती. पिल्लू चिवचिवलं की तिची बोटं पोटावरचा पदर आवळायची.

तेवढ्यात बसम्माचा फोन वाजला. रेंज शोधत ती पार लिंबाखाली गेली. हरिबा भिंतीला टेकून शेळीच्या गळ्यातलं दावं वळत होता. तो सरकत सरकत ओट्याशी आला.

“वैनी, गुप्तधनाची भानगड हाय ही.”

“कशावरून?”

“किल्ल्यात हंडे पुरलेत. ते काढायला कोंबडा लागतोय, तोबी जाणत्यानं पारखलेला. आन कोंबड्यानं भागलं न्हाई, की माणूस. ती सून बघ. बळीच्या बकऱ्यावानी उभी हाय.”

रतनबाईला चौसाळ्याची ती सून आठवली. मागच्या पोळ्याला तीही अशीच सासूबरोबर आली होती. असंच खोकं, असंच एकटं पिल्लू. रतनबाईनं तलंग सांगितली आणि ती पोरगी मटकन मातीत बसली. महिन्यानं बाजारात दिसली, तर पार वाळलेली. ‘नवस फिटला का गं?’ विचारलं, तर नुसती बघत राहिली.

“तलंग निघाली म्हणून जगली ती,” हरिबा कुजबुजला. “हिलाबी तलंगच सांग. कोंबडा म्हणलीस तर हिचं रगत तुझ्या माथी.”

बसम्मा परत आली. रतनबाईनं पिल्लू उचललं. पंख उलगडला, पाय बघितले. सगळं मिळून डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग मात्र तिनं स्वप्नालीकडे बघितलं, आणि बराच वेळ बघितलं. सुकलेले ओठ, डोळ्यांखाली काळं.

“पोरी, पाणी देऊ का?”

“तिला काय इचारताव?” बसम्मा म्हणाली. “पिल्लाचं सांगा.”

रतनबाईनं पिल्लू खोक्यात ठेवलं.

“कोंबडा.”

“नक्की?”

“चाळीस वर्षं झाली, अक्का. कधी चुकले न्हाई.”

हरिबानं कपाळावर हात मारला.

बसम्मानं गळ्यातलं लिंग डोळ्यांना लावलं, वैजनाथाच्या दिशेनं हात जोडले आणि सुनेचा दंड धरला. “सावकाश बस गं, बाई.” मोटार धुरळा उडवत गेली. खोकं ओट्यावरच राहिलं.

“ओ! नवसाचा कोंबडा इसरलाव की!” हरिबा खोकं घेऊन मोटारीमागं पळाला आणि धूळ खाऊन परत आला.

त्या दिवसापासून त्यानं रतनबाईशी बोलणं टाकलं. रोज किल्ल्यावर जाऊन कुठं उकरलंय का ते बघायचा. दोन खड्डे सापडले. दोन्ही साळिंदराचे निघाले.

पिल्लू रतनबाईच्या खुराड्यात वाढलं. तुरा काही फुटेना. आरवणं तर लांबच.

सहा महिन्यांनी एका सकाळी हरिबानं आपणहून तोंड उघडलं.

“वैनी! तुझ्या कोंबड्यानं अंडं घातलं!”

तो ठसका लागेपर्यंत हसला. वस्ती गोळा झाली. आठवड्याच्या आत गोष्ट बाजारात पोचली. पिल्लं घेऊन येणारी माणसं आता आसरडोहच्या वाटेनं दुसऱ्या जाणत्याकडे वळायला लागली. रतनबाईचा ओटा रिकामा पडला. ती कोंबडीला दाणे टाकत राहिली.

मग एक दिवस तीच मोटार आली. बसम्मा एकटीच उतरली. तिनं आधी कोंबडी बघितली, मग रतनबाईच्या हातातलं अंडं.

“ही तीच का?”

“तीच.”

“तुमी कोंबडा म्हणला होता!” बसम्मानं कोंबडीकडं बोट केलं. “चाळीस वर्षांत चुकलं न्हाई, आन आमच्याच बारीला कावून चुकलं?”

“न्हाई ना घावलं धन?” हरिबा मध्ये घुसला. बसम्मानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

रतनबाईनं अंडं पदरानं पुसलं.

“वय झालं, अक्का. नजर ऱ्हाती का आता,” ती म्हणाली. “ते जाऊ द्या. नात कशी हाय? अंगावर पिती न्हवं?”