खोडायचं वाक्य

संगणकाच्या लिस्प भाषेची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या बाईंचं एका वाक्यावरून साहेबांशी वाजलं: ‘तीन नावांना दोनच मूल्यं मिळाली, तर ही आज्ञा तक्रार करत नाही, तिसरं नाव गुपचूप रिकामं ठेवते.’ “हे खोडा, ताई. गिऱ्हाईक बिचकेल.” “गिऱ्हाईक दवाखाना आहे, साहेब. त्यांच्या औषधांच्या नोंदी याच आज्ञेवर चालणार. काल चाचणीत रुग्णाचं नाव, औषध भरून मी मात्राच विसरले, तर यंत्रानं हूं की चूं केलं नाही.” “त्यांची माणसं बघून घेतील की!” “कशी बघतील? आपण सांगितलंच नाही तर?” “प्रवचन पुरे! वाक्य ठेवायचं असेल, तर उद्यापासून येऊ नका.” “बरं, उद्या नाही येत. आज तर देवानं मला इथंच बसवलंय,” म्हणत बाईंनी ते वाक्य पहिल्या पानावर ठळक केलं आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत पुस्तिका दवाखान्याला धाडली.