तुटक्या शेपटीचा सात

परीक्षितने भिंग डोळ्याला लावलं आणि पहिल्याच नजरेत त्याला कळलं, रिव्हॉल्व्हरचा हा सिलिंडर अस्सल आहे.

चेहरा दिसू नये म्हणून तो तसाच वाकून राहिला.

"काय वाटतं?" प्रतापने विचारलं.

अमेरिकेतल्या डब्लिन गावात, प्रतापच्या गराजमध्ये दुपारचं ऊन अर्ध्यापर्यंत आलं होतं. टेबलावर फ्लॅनेलच्या तुकड्यावर त्याचं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर सुटं करून ठेवलेलं. कधीकाळी अमेरिकी घोडदळासाठी बनलेलं. बाकी सगळं मूळचं होतं, फक्त सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं, दुसऱ्या कुठल्यातरी रिव्हॉल्व्हरचा होता. सैन्यात दुरुस्तीच्या वेळी भागांची अशी सर्रास अदलाबदल व्हायची. फ्रेमवर, म्हणजे सांगाड्यावर, आणि सिलिंडरवर फॅक्टरीत एकच नंबर ठोकलेला असे, पण एकदा हरवलेला मूळ सिलिंडर सहसा कोणाला परत मिळत नाही. प्रतापला मिळाला होता.

"कोलंबसच्या गन शोमध्ये, यार! त्या म्हाताऱ्याच्या टेबलाखाली भंगाराचा खोका होता ना, त्यात. ग्रीसचा नुसता गोळा. घरी आणून तेलात बुडवून ठेवला, तर खालून नंबर निघाला. माझ्या फ्रेमवरचाच नंबर!"

तो खोका शोच्या सकाळी प्रतापच्या आधी परीक्षितने उपसला होता. हा गोळा हातात घेतला होता आणि बोटं बरबटली म्हणून वैतागून परत टाकला होता. शिक्का पारखायचा तर लोक लांबलांबून ज्याला फोन करतात, त्या परीक्षितने. आणि प्रतापला हा नाद लावला होता तोही त्यानेच.

"प्रताप," तो सावकाश म्हणाला, "तुझा नंबर तू कलेक्टर्सच्या ग्रुपवर टाकला होतास ना? मूळ सिलिंडर शोधतोय म्हणून?"

"हो. मग?"

"मग काय. कोणीतरी वाचला. जुना कोरा सिलिंडर घेतला, तुझा नंबर ठोकला, ग्रीस फासलं. तू प्रत्येक शोमध्ये खोके उपसत बसतोस, हे सगळ्यांना माहितीये. नवीन माणसाची मजा घेतात लोक."

प्रतापचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं. "कशावरून म्हणतोस?"

"कडा बघ. फॅक्टरीत आधी शिक्का मारायचे, मग पॉलिश करायचे. त्यामुळे खऱ्या आकड्याच्या कडा सपाट असतात. मागाहून ठोकला, की धातू कडेला वर येतो. नख फिरव, लागेल."

प्रतापने नख फिरवलं. कडा सपाटच होत्या. पण एवढ्या जुन्या, गंजाने खाल्लेल्या लोखंडावर नखाला काहीतरी लागणारच होतं.

"हो रे," तो हळूच म्हणाला. "लागतंय."

प्रतापची बायको रेणू चहाचे मग घेऊन आली होती, ती मागेच उभी होती. रेणू डेंटिस्ट. दिवसभर दातांतल्या बारीक चिरा शोधायची तिला सवय. तिने मग ठेवले, भिंग उचललं, आधी सिलिंडर बघितला, मग फ्रेम.

"पण हा सात बघा ना. दोन्हीकडे शेपटीचा टवका उडालाय, अगदी एकाच जागी. म्हणजे ठोकायचा ठसा एकच असणार ना?"

परीक्षितला पहिल्या नजरेत दिसलं होतं ते हेच.

"याने फ्रेमचा क्लोज-अप टाकला होता, रेणू. त्यावरून ठसा बनवून घेतला असणार. आजकाल काय वाट्टेल ते बनवून मिळतं."

"एवढा खटाटोप? नुसती मजा म्हणून?"

"तुला हे लोक माहीत नाहीत. एक देसी माणूस त्यांच्या घोडदळाचं रिव्हॉल्व्हर जुळवायला निघालाय, यावर महिनाभर हसतील ते."

हे बरोबर लागलं. प्रताप स्टुलावर बसला. त्याचे कान लाल झाले होते.

"त्या म्हाताऱ्याने माझा हात हातात घेतला होता, पिशवी देताना," तो म्हणाला. "'गुड फॉर यू, सन' म्हणाला. मला वाटलं, किती चांगला माणूस आहे."

परीक्षितने सिलिंडरवरून अंगठा फिरवला. इतका ठळक शिक्का त्याच्या स्वतःच्या कपाटात एकही नव्हता.

"सोड ना," तो म्हणाला. "हा मी घेऊन जातो. टाकतो कुठेतरी भंगारात."

"नको." प्रतापने सिलिंडर त्याच्या हातातून काढून घेतला. "भंगारातून परत कोणाच्या तरी हाती लागेल. नंबर बघून आणखी एखादा खुळा नाचत घरी जाईल. माझं झालं ते पुरे."

त्याने सिलिंडर टेबलाच्या कडेच्या व्हाइसच्या शिकंज्यात आवळला, ड्रॉवरमधून कानस काढली.

परीक्षितचा हात अजून पुढेच होता. तोंडातून एक शब्द निघायचा अवकाश, प्रताप थांबला असता. पण मग पुढचंही सगळं सांगावं लागलं असतं. रेणू नवऱ्याकडे बघतच नव्हती. ती परीक्षितकडे बघत होती.

कानस एकदा फिरली. काळ्या लोखंडात पांढरीशुभ्र रेघ उमटली. दुसऱ्यांदा फिरली. पहिले दोन आकडे पुसट झाले.

"बरं झालं, तू होतास," मान वर न करता प्रताप म्हणाला. "नाहीतर मी हे घेऊन सगळीकडे मिरवत बसलो असतो."

कानस सातवर आली आणि अडखळली.

"अशी आडवी नको," परीक्षित म्हणाला. "तिरकी धर. लवकर जाईल."