पोचा

दोन्ही गाड्यांच्या मध्ये दीड वीत जागा उरली होती. दीक्षाने पंजा लावून मोजली.

अर्ध्या तासापूर्वी ती सामान घ्यायला आत गेली, तेव्हा उजवीकडची जागा रिकामी होती. आता तिथे एक पांढरी, उंच, कोरी गाडी उभी होती. सुपरमार्केटवाल्यांनी रेषा आखल्या तेव्हा गाड्या लहान असाव्यात. या गाडीची चाकं दोन्ही बाजूंच्या रेषांवर चढली होती.

दीक्षा ज्या गाडीत शिरू पाहत होती ती तिच्या दिराची, राहुलची. चावी देताना तो म्हणाला होता, "वहिनी, न्या खुशाल. फक्त मला कुणाचा फोन येऊ देऊ नका."

अलिबागच्या कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवत होती. दार पहिल्या टप्प्यावर थांबेल, तेवढ्यात अंग चोरून आत जाता येईल, असा तिने हिशोब केला. हिशोबात समुद्राकडून येणारा वारा धरला नव्हता. दार हातातून निसटलं आणि ठक्कन आपटलं.

पांढऱ्या गाडीच्या मागच्या दारावर, बरोबर मधोमध, रुपयाएवढा पोचा पडला. वरची काच खाली होती. आतून एक म्हातारी पाहत होती. मांडीवर स्टीलचा डबा, दोन्ही हातांनी धरलेला.

"तुला लागलं काय, बाय?"

"नाही, आजी. तुमच्या गाडीला लागलं. माझ्या हातून. तुमचे लोक येईपर्यंत मी थांबते."

"नको थांबू. माझा सदा लय तापट हाय. गाडीला आठ दिवस न्हाय झाले. चारचौघांत तुझा पाणउतारा करंल." म्हातारीने आवाज खाली आणला. "मी सांगन, मीच दार उघडलं. मला काय करंल? बोलंल दोन शब्द. ह्या मनुबाईला सवय हाय."

"असं कसं, आजी?"

"जा गो. मी खुशीत हाय आज. चौलला नात बाळंत झाली, तिला कालवण घेऊन चाललेय."

दीक्षा गाडीत बसली. पर्समधून कागद काढला आणि त्यावर आपला नंबर लिहू लागली. सहा आकडे झाले, तेवढ्यात सामानाची ट्रॉली ढकलत सदा आला. त्याची नजर थेट दारावर गेली.

"आये! ह्ये काय?"

"वाईच दार उघडलं, बाबा. पाय आखडले व्हते."

"किती येळा सांगितलं, दाराला हात लावायचा न्हाय! एवढीशी जागा, दिसत न्हाय? आता चौल रहित. घरी सोडतो तुला."

"आरं, पोर वाट बघंल."

"बघू दे."

"बरं," मनुबाई म्हणाली.

दीक्षाच्या हातात पेन तसंच राहिलं. पोचा दाराच्या मधोमध होता. म्हातारीने दार उघडून बाजूच्या गाडीवर आपटलं असतं, तर खूण कडेला पडली असती. मधोमध मार बसतो तो बाहेरून. हे सांगायला एक मिनिट पुरलं असतं.

सदा तिरका होऊन दोन्ही गाड्यांच्या फटीत शिरला आणि तिच्या काचेवर टकटक केली. तिने काच खाली घेतली.

"सॉरी हां, मॅडम. म्हातारीला कळत न्हाय. तुमच्या गाडीला काय झालं तर न्हाय ना?" त्याने वाकून पाहिलं. तिच्या दाराच्या कडेला पांढऱ्या रंगाची बारीक रेघ होती. त्याने खिशातून रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि रेघ घासून काढली. "गेली बघा."

"तुमच्या आईंनी..." दीक्षा म्हणाली.

"तुम्ही कशाला मनाला लावून घेता? आता तिला गाडीत बसवतच न्हाय."

मनुबाई समोर पाहत होती. हळूहळू तिची काच वर चढत गेली.

दीक्षाने गाडी सुरू केली. सदा मागे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात हलवून तिला वाट दाखवू लागला.

"येऊ द्या, मॅडम, येऊ द्या. घाबरू नका. लय जागा हाय."