सात नंबरचा दिवा

सात नंबरचा दिवा पुन्हा लुकलुकला, आणि सुलेखा पुढं झुकली.

वाळूजच्या त्या कारखान्यात रंग सुकवायची नवी भट्टी बसली होती. भट्टी कसली, चांगला लांबलचक लोखंडी बोगदा. आत साखळीवरून माल सरकणार आणि दोन्ही भिंतींतले हीटर त्याला भाजून काढणार. हीटरना वीज सोडणारं पॅनल सुलेखाच्या कंपनीचं, आणि ते तपासून सुरू करून द्यायची जबाबदारी तिची. बोगद्यात ओळीनं सेन्सर लावले होते. सेन्सरसमोर काही आलं की पॅनलवर त्याचा दिवा लागायचा. समोर काही नसताना दिवा लागला, तर सेन्सर खोटं सांगतोय. अशा सेन्सरच्या भरवशावर भट्टी पेटवायची, म्हणजे शेडला आपल्या हातानं काडी लावायची.

सकाळपासून गोकुळदादा, तिचा फिटर, आत शिरून एकेका सेन्सरपुढं तळहात धरत होता आणि ती बाहेर दिवा बघत होती. सगळे दिवे नीट लागले. सात नंबर तेवढा थरथरत होता.

"तार ढिली हाये, ताई. आवळून येतो," गोकुळदादा म्हणाला. निघता निघता पॅनलच्या दारावर बोटांनी ठेका धरलाच त्यानं.

"दादा, पॅनल आहे ते. पखवाज नाही!"

"पत्रा काय न् कातडं काय, हात बसला पायजे," तो हसत आत गेला.

माणूसच तसा. जेवणाचा डबा म्हणू नका, स्कूटरची सीट म्हणू नका, काही सोडायचा नाही. परवा रांजणगावच्या सप्ताहात कीर्तनाला सुलेखा मुद्दाम गेली होती. ऐन रंगात बुवांचा घसा बसला, शब्द फुटेना. मांडवात चुळबुळ सुरू झाली. तेव्हा गोकुळदादाचा पखवाज असा काही बोलला की माणसं जागच्या जागी डोलायला लागली. बुवांनी हात जोडले. सुलेखाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अजून तो ठेका तिच्या कानातून गेला नव्हता.

सात नंबर शांत झाला. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, म्हणून ती शेडबाहेर गेली. परत आली तर बोगद्याचं दार बाहेरून कडी घालून बंद. हीटरच्या मेन स्विचपाशी कारखान्याचे मेंटेनन्स साहेब, अप्पाराव, उभे. आणि सात नंबर पुन्हा लुकलुकत होता.

"दार म्या लावलं," अप्पाराव म्हणाले. "तुमचा गोकुळ गेला चहाला. बघितला की निळा शर्ट कँटीनकडं जाताना. चला, घेऊ का वीज?"

"सात नंबर बघा ना, साहेब. परत तसंच करतोय."

"त्यो सकाळपासून तसाच हाये. एका सेन्सरपायी भट्टी अडवून धरता का? घ्या त्याला बाजूला. तुमी लई घाबरता बघा, मॅडम."

ती घाबरलीच होती. दिवा ओरडून काहीतरी सांगतोय, असं तिला उगाच वाटत होतं. मेन स्विचकडं तिची नजर गेली. आत जाणाऱ्यानं तिथं आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, असा नियम. आज तिथं कुलूप नव्हतं. "नुसते दिवेच बघायचेत, दादा, राहू दे," असं सकाळी तीच म्हणाली होती. आता गोकुळदादा बाहेर होता, म्हणून बरं.

शेजारची प्रेस धाड धाड आपटत होती. कानाला तोंड लावून बोललेलंही ऐकू येत नव्हतं. अप्पारावांनी स्विचच्या दांड्यावर हात ठेवला.

"घेऊ ना?" ते ओरडले.

सुलेखानं सात नंबरला बाजूला करायला बटणाकडं बोट नेलं. बोट बटणावर टेकलंच नाही. ते पॅनलच्या पत्र्यावर वाजत होतं. केव्हापासून, तिलाही कळलं नाही.

दोन झटपट. एक लांब. थोडा दम. पुन्हा दोन झटपट.

तिनं दिव्याकडं बघितलं. दिवा आणि तिचं बोट एकाच ठेक्यात चालले होते. ढिली तार थरथरते, मनाला येईल तशी. हा दिवा दर वेळी फिरून समेवर येत होता. आणि या कारखान्यात निळा शर्ट कुणाच्या अंगात नव्हता?

अप्पारावांच्या हाताखाली दांडा हलला.

"हात काढा!" ती किंचाळली. धावत जाऊन तिनं त्यांचा हात दांड्यावरून ओढून काढला.

"अवो, झालं काय?"

"तार ढिली नाही, अप्पाराव," ती दाराच्या कडीकडं पळत सुटली. "आत गोकुळदादा वाजवतोय!"