रिबिल्ट

फलाटावर कुठलंही डिझेल इंजिन आलं की माझा रेल्वेवेडा दादा कॅमेरा सरसावून निकाल देतो, "नवं कसलं डोंबलाचं! रंग नवा, तोंड नवं, नंबर नवा. खाली वाकून बघ, सांगाडा जुनाच. रिबिल्ट आहे!"

दादा घरी कधी सापडत नाही, म्हणून साठीत मी स्वतःच जमवलेलं स्थळ त्याला दाखवायला फलाटाच्या टोकाशीच घेऊन गेले. दादानं त्यांचे काळेभोर केस पाहिले, पांढरेशुभ्र दात पाहिले, मग खाली वाकून गुडघे न्याहाळले आणि सवयीनं ओरडला, "रिबिल्ट!"

"ओरडतोस काय?" मी म्हटलं. "आमचं जमलंच मुळी एका वर्कशॉपात. दोघंही शेजारी शेजारी कवळीचं माप द्यायला बसलो होतो."