आईचं मत

राजधानी रीगातल्या संसदेत, प्रेक्षकांच्या सज्जात कपितोलीनाबाईंनी मैत्रिणीला कोपरानं ढोसलं. “रिम्मा, बघ, माझा रोदिओन!” दोघींचं आयुष्य याच शहरात गेलं, पण सोव्हिएत काळात आलेल्या रशियन कुटुंबांतल्या म्हणून नागरिकत्व नव्हतं, आणि महापालिकेच्या निवडणुकीतसुद्धा मत देता येत नव्हतं. रोदिओन मात्र इथल्या भाषेची परीक्षा देऊन नागरिक झाला, खासदारही. आज अशांना महापालिकेत मताचा हक्क देण्याच्या ठरावावर मतदान होतं. फलकावर इथल्या रीतीनं ‘स’ जोडलेलं त्याचं आडनाव लाल रंगात उजळलं. “अगं बाई, लाल म्हणजे विरोधातच ना?” रिम्मा पुटपुटली. ठराव एका मतानं पडला. कपितोलीनाबाई भिंत धरत खाली गेल्या. रोदिओननं जवळ घेतलं. “आई, तुझं मत माझ्याच पक्षाला मिळालं असतं गं. पण तुझ्या इमारतीतल्या बाकीच्यांचं? ते विरोधकांनाच गेलं असतं.” मागून रिम्मा आली. “काय म्हणतो लेक?” “चुकून लाल दाबलं म्हणतो,” त्या म्हणाल्या. “लहानपणापासून रंगच कळत नाहीत त्याला.”